अजून हवं?

“अजून हवं?” तिनं विचारलं आणि लेकीनं मान वर केली नाही. झालं ते एवढंच. ती गॅसकडे तोंड करून उभी होती, हातात पळी होती, आणि लेक मागे टेबलाशी जेवत बसली होती. प्रश्नही काही नवा नव्हता. पोरीला दात यायच्या आधीपासून रोज दोन्ही वेळा विचारलेला, वापरून वापरून इतका गुळगुळीत झालेला की विचारणारीलाही तो हल्ली ऐकू यायचा नाही. उत्तर आलं नाही म्हणून तिनं पुन्हा विचारलं, “ढब्बू, अजून हवं?” तरी काही नाही. मग ती वळली. लेक पाठमोरी होती, खांदे वर ओढलेले, घास बोटांत तसाच धरलेला. कानात काहीही घातलेलं नव्हतं. हे तिनं सगळ्यात आधी पाहिलं. लोक माणसाचे डोळे बघतात, चपला बघतात, ही कान बघते. तो तिच्या धंद्याचाच दोष होता. दोन्ही कान उघडे होते, मधे एका खुर्चीचं अंतर होतं, आणि पोरीला ऐकू आलं नव्हतं. पळीतलं परत पातेल्यात गेलं आणि काहीच न झाल्यासारखी ती ओटा पुसायला लागली. भीती वाटली की ओटा पुसायचा, ही तिची जुनी रीत होती. ओटा आधीच लख्ख होता.

कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ती ऐकण्याची तपासणी करायची. कपाटापेक्षा जरा मोठी अशी एक खोली, जाड दाराची, आतून सगळीकडून मऊ गाद्यांनी मढवलेली. तिच्यात माणसाला बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं, दार लावायचं, आणि आपण काचेच्या अलीकडे यंत्राशी बसून बारीक बारीक आवाज आत पाठवत राहायचे. ऐकू आलं की दाबा. दिवसभर हेच एक वाक्य. लोक बाहेर येताना तिच्या तोंडाकडे बघायचे आणि ती म्हणायची, डॉक्टर सांगतील. पण तिला ते आधीच कळलेलं असायचं. बहिरेपण कधी दारावर टकटक करून येत नाही, चोरपावलांनी येतं. आधी पाठीमागून मारलेली हाक जाते, मग चारचौघांतलं बोलणं जातं, मग बायकांचे, मुलांचे बारीक आवाज जातात, आणि घरचे म्हणत राहतात की हल्ली फार हेकट झालेत, मुद्दाम लक्ष देत नाहीत. अलीकडे शाळकरी पोरंही यायला लागली होती. त्यांच्या आयांना ती बिनदिक्कत ऐकवायची, की बाई, चोवीस तास त्या कानांत गाणी ओतत बसली पोरं, तर दुसरं काय होणार, तुमचं लक्ष कुठं होतं? दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलायला काय जातं. आता ओटा पुसता पुसता तिला तिचंच ते वाक्य जसंच्या तसं आठवलं, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय असतो हे पहिल्यांदा नीट कळलं.

सकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा इमारतींचे नकाशे काढायचा. भिंत कुठं, खिडकी कुठं एवढं कळलं की त्याला घर कळलं असं वाटायचं. “तिला ऐकू येत नाहीये,” ती म्हणाली. तो दाढी करत होता. “मला तरी कुठं येतं तुझं?” तो आरशातून म्हणाला. “मी चेष्टा करत नाहीये.” “अगं, वय आहे ते. माझी आई मला जेवायला हाका मारून मारून थकायची.” “ते वेगळं. तुला ऐकू यायचं, तू सोंग करायचास.” “मग हीसुद्धा बापाच्या वळणावर गेली असेल. तू ना, सगळ्या जगाला बहिरं समजतेस. सुताराला जिकडं तिकडं लाकूडच दिसतं.” ती हसली. हसणं भाग होतं, त्याचा एक गाल अजून साबणात होता आणि तो तसा बरा माणूस होता. पण मनात पाल चुकचुकली होती ती काही गप्प बसेना.

मग तिनं घरातल्या घरात पोरीची तपासणी सुरू केली, गुपचूप, कुणाला कळू न देता. लेक अभ्यासाला बसली की मागे चमचा पाडायचा. पिशवी चुरगळायची. दाराआडून अगदी हलक्या आवाजात म्हणायचं, पंखा बंद करू का? आणि उत्तरं अशी आली की तिची झोप उडाली. चमचा पडला की पोर दचकायची. खालच्या मजल्यावरच्या दाराची घंटा तिला ऐकू यायची. पलीकडच्या खोलीत, उशीखाली, आवाज बंद करून ठेवलेला फोन नुसता थरथरला तरी ती हातातलं टाकून उठायची. बापानं विचारलं तर उत्तर द्यायची, हूं का चूं का होईना. फक्त आईचा आवाज पोचत नव्हता, आणि तोही सगळा नाही. कधी पोचायचा, कधी नाही, जेवणाच्या टेबलाशी तर मुळीच नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, पोरगी रुसलीय. हिनं तसं म्हटलं नाही. हिला शिकवलेलं होतं की ऐकण्यातली सुरांची एखादीच पट्टी जाऊ शकते, वरचं शाबूत, खालचं शाबूत, आणि मधला एक तुकडा कुरतडल्यासारखा नाहीसा. त्या मधल्या तुकड्यातच नेमका आपला आवाज बसला असेल, असं तिनं धरून टाकलं. जुनी पुस्तकं काढली. त्यातल्या एकेका रोगाचं नाव ती दोनदोनदा वाचायची. नसेवर गाठ येते, ती मेंदूकडे सरकते. मन चिंती ते वैरी न चिंती. ती बसमध्ये उभी असली तरी गाठ तिच्याबरोबर उभी असायची.

ही पोर जन्मली तेव्हाही ती अशीच घाबरली होती. इतर बाया बाळाची बोटं मोजतात. हिनं शुद्धीवर आल्या आल्या बाळाच्या उशाशी टाळी वाजवली होती, आणि बाळानं डोळे गरकन फिरवले तेव्हा ती इतकी रडली की नर्सला वाटलं मुलगा हवा होता की काय. बाळ गुटगुटीत होतं. मनगटाला वळ्या, मानेला वळ्या. ढब्बू हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते चिकटलं, आणि मग त्याची ढब्बूबाई झाली, ढब्बूराणी झाली. त्या काळात घरातला सगळा आनंद एका वाटीत मावायचा. पोर जेवायला बसली की शेजारपाजारचे बघायला यायचे. तोंड हनुवटीपर्यंत बरबटलेलं, एक हात वाटीत, आणि आई विचारतेय, “अजून हवं? अजून किती खाणार गं माझी ढब्बूबाई?” आणि पोर अख्खं तोंड उघडून म्हणतेय, “अजून!” नवऱ्यानं ते फोनवर टिपून ठेवलं होतं, चित्रात नुसती पोर आणि मागून आईचा आवाज. पाहुणे आले की ते दाखवायचं, सगळ्यांनी हसायचं, मोठ्या झालेल्या लेकीनं लाजून उशीत तोंड खुपसायचं, असं कितीतरी वेळा झालं होतं. हल्ली झालं नव्हतं. हल्ली पाहुणे आले की लेक खोलीतून बाहेर येत नव्हती, आणि ढब्बू तर ती कधीच राहिली नव्हती. गळ्याची हाडं दिसायची. शाळेच्या स्कर्टला कमरेशी पिन लावलेली असायची. आईला ते सगळं दिसलं होतं आणि तिनं स्वतःची समजूत घातली होती की उंची वाढतेय, या वयात अंग ओढतंच. शाळेतून डबा तर चाटूनपुसून रिकामा येत होता. रिकामा डबा घासताना तिला बरं वाटायचं.

आणि एक तो चेहरा. फोन टेबलावर पालथा पडलेला असायचा. तो थरथरला की लेक लगेच उचलायची नाही. आधी हात मांडीवर पुसायची, मग उचलायची, आणि बघताना तिचा चेहरा असा व्हायचा की त्यावर ना हसू ना राग. हा चेहरा आपण कुठंतरी रोज बघतो असं आईला वाटायचं आणि आठवायचं नाही. एकदा दवाखान्यात बाकावर बसलेल्या बाईकडे बघताना आठवलं. डॉक्टरांनी आत बोलावून रिपोर्ट हातात ठेवायच्या आधी माणसं जशी बसतात, तसा तो चेहरा होता. तेरा वर्षांच्या पोरीला दिवसातून इतक्यांदा कसला रिपोर्ट येतो, हे तिनं विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही. तिला वाटलं, हीसुद्धा त्या गाठीचीच काहीतरी खूण असावी, आणि शनिवारी दुपारी डॉक्टर घरी गेले की पोरीला आणून नीट तपासायचं तिनं ठरवलं.

लेक मुकाट्यानं आली. का, कशाला, एवढंही तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही आईला धसका बसला. “फोन बाहेर ठेव, या ट्रेमध्ये,” आई म्हणाली. “आत न्यायचा नसतो.” “आत रेंज येत नाही?” “आत काहीच येत नाही. दार लावलं की बाहेर ढोल वाजला तरी कळणार नाही.” मुलीनं त्या जाड दाराकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढला आणि तो ट्रेमध्ये ठेवला नाही, टाकला. आईनं तिच्या केसांची बट मागे सारून हेडफोन बसवला. कितीतरी दिवसांनी तिनं लेकीच्या कानाला हात लावला होता. कान गार होता. “ऐकू आलं की दाब,” ती म्हणाली आणि बाहेर येऊन बसली. पहिला आवाज पाठवला, मुलीनं दाबलं. हलका केला, दाबलं. आणखी हलका. वरच्या पट्ट्या, खालच्या पट्ट्या, आणि मधली ती कुरतडलेली पट्टी, जिथं तिला भगदाड सापडणार होतं, तिथं तर पोरीनं इतक्या बारीक आवाजाला दाबलं की एवढ्या बारीक आवाजाला त्या खोलीत कुणी दाबल्याचं तिला आठवत नव्हतं. भगदाड नव्हतं. गाठ नव्हती. कान पडलेली टाचणीदेखील ऐकत होता. तिनं डोळे मिटून घेतले आणि देवाचे आभार मानायला सुरुवात केली, आणि निम्म्यावर थांबली. मग हिला माझं का ऐकू येत नाही?

नियमानं यापुढे शब्द असतात. तपासणारीनं माईकवर शब्द म्हणायचा, आतल्यानं तोच परत म्हणायचा. “दप्तर,” ती म्हणाली. “दप्तर,” मुलीचा आवाज टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून आला. “खिडकी.” “खिडकी.” “साबण.” “साबण.” आवाज कमी कमी करत नेला तरी पोर चुकेना. बटाटा, पायरी, मामा. काचेपलीकडे मुलीच्या तोंडावर थोडंसं हसू आलं होतं, लहानपणी भेंड्या खेळताना यायचं तसं, आणि आईच्या मनात आलं की किती दिवसांत आम्ही एवढं बोललो नव्हतो, मी एक म्हणतेय आणि ती मला तेच परत देतेय. इथं थांबली असती तर. पण ती तिच्या कामात चोख होती, अर्धवट तपासणी तिनं जन्मात केली नव्हती, आणि जी हाक माणसाला ऐकू गेली नाही तीच हाक पुन्हा मारून बघायची, हा तिच्या हाताचा शिरस्ता होता. तिनं आवाज घरच्या बोलण्याइतका केला. ओठ माईकजवळ नेले. नजर यंत्राच्या आकड्यांवर ठेवली. “अजून हवं?” ती म्हणाली. स्पीकरमधून काही आलं नाही. तिनं आवाज एक पायरी वाढवला. “अजून हवं?” काही नाही. आणखी एक पायरी, आणि घरच्यासारखंच व्हावं म्हणून, अगदी त्याच लाडाच्या सुरात, दोन्ही कानांत एकदम, “ढब्बू, अजून हवं?” मग तिनं वर पाहिलं. काचेत खुर्ची दिसत होती, खुर्चीत कुणी नव्हतं.

दार उघडायला नेहमीसारखंच जड होतं. लेक खुर्ची आणि भिंत यांच्या सापटीत जमिनीवर बसली होती, दोन्ही अंगठे कानांत, उरलेली बोटं डोळ्यांवर. हेडफोन वायरीला लोंबत होता. “काय झालं? दुखलं? मोठा झाला आवाज?” आई गुडघ्यांवर बसली. “ढब्बू, अगं...”

“म्हणू नकोस,” मुलगी म्हणाली.

“काय?”

“ते. ते म्हणू नकोस ना. प्लीज.”

मग तिनं ते सगळं भिंतीकडे तोंड करून सांगितलं. त्या खोलीत आवाजाला उसळी नसते, शब्द ओठांतून निघतात आणि तिथंच मरतात, त्यामुळे आईला अगदी जवळ जाऊन ऐकावं लागलं. वर्गातल्या सगळ्या मुलींनी आपापले लहानपणीचे व्हिडिओ टाकले होते. हिनंही टाकला, तोच, वाटीचा. पहिल्या दिवशी खूप जणींना आवडला. किती गोड, किती गोड. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यातला नुसता आवाज कापून घेतला आणि कचऱ्याच्या गाडीच्या व्हिडिओखाली घातला. गाडीत कचरा ओतला जातोय आणि आवाज येतोय, अजून हवं? अजून किती खाणार गं माझी ढब्बूबाई? मग कुणी तो चरणाऱ्या म्हशीखाली घातला. मग मधल्या सुट्टीत ही डबा उघडताना कुणीतरी चोरून हिचाच व्हिडिओ घेतला आणि त्याखाली तो आवाज घातला. ते सगळ्यात जास्त पसरलं. दुसऱ्या शाळांतली, हिनं कधी तोंडही न पाहिलेली पोरं त्यावर हसून गेली. “बाई फळ्याकडे वळल्या ना, की कुणाच्या तरी बाकाखालून येतो. बाईंना कळत नाही. सगळ्यांचे खांदे हलतात. जिन्यात येतो. बाथरूममध्ये मी आत असले की बाहेर तो आवाज लावतात.” तिनं लोंबणारी वायर बोटाला गुंडाळली. “मग मी घरी येते. आणि तू विचारतेस. आई, सगळीकडे तूच असतेस.”

आता बोलायला आईजवळ होता तो तोच आवाज. “मला सांगायचं नाहीस का?” ती कशीबशी म्हणाली, आणि तेही पुटपुटत, आपलंच तोंड आपल्याला चावेल अशा भीतीनं.

“काय सांगू? तुझाच आवाज आहे.”

“तू काढून टाक ना ते.”

“माझं मी कधीच काढलं. त्यांचं कसं काढणार?”

“आणि डबा? रिकामा येतो तो?”

“टाकते,” मुलगी म्हणाली. “शाळेत गेल्या गेल्याच. म्हणजे उघडायलाच नको.”

कमरेची पिन, गळ्याची हाडं, बोटांत थांबलेला घास, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं, आणि प्रत्येकाच्या पाठीमागून आईला तिचाच आवाज प्रेमानं विचारताना ऐकू आला. पोरीच्या घशाखाली घास उतरावा म्हणून जे शब्द ती रोज म्हणत होती त्यांनीच तो घास वर अडकवला होता. ढब्बूबाई म्हणत रोज गळा दाबत होती ती, पळी हातात घेऊन. “सोमवारी मी शाळेत येते,” ती म्हणाली. “मी बघते एकेकीला.”

“नको.” मुलगी एकदम वळली, आणि आता तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती आईच्या भीतीपेक्षा खूप जुनी, सरावाची होती. “तू यायचं नाहीस. तू तोंड उघडलंस की संपलं. त्यांना तूच पाहिजेस. खऱ्या बाईकडून ते म्हणवून घ्यायचं, रेकॉर्ड करायचं आणि टाकायचं, असं चाललंय त्यांचं. माझ्या बर्थडेला घरी यायचं म्हणून मागे लागल्यात सगळ्या. मी सांगितलं, आमच्याकडे करत नाहीत.”

मागच्या महिन्यात लेकीनं आपला वाढदिवस नको म्हणून सांगितलं होतं, आणि आईनं नवऱ्याला म्हटलं होतं की पोरगी समजूतदार झाली. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. लेकीनं ठेवू दिला. दोघी तशाच बसल्या, त्या मढवलेल्या खोलीत, आईनं दार पायानं अर्धवट ओढून घेतलेलं. “इथं बरं वाटतं,” मुलगी म्हणाली. आईनं मान हलवली. शब्दाची तिला हिंमत होईना.

दवाखाना बंद करून दोघी बसच्या थांब्यावर आल्या तेव्हा ऊन कलतं होतं. थांब्यावर दोन म्हातारे होते, एक पोत्यांवर बसलेला हमाल होता. आई मनातल्या मनात घरी गेल्यावर काय काय करायचं ते जुळवत होती; आधी नवऱ्याला सांगायचं, मग मुख्याध्यापिकेला चिठ्ठी, आणि आज जेवायला वाढताना पळी पोरीच्याच हातात द्यायची आणि आपण त्या वेळी बाहेर जाऊन बसायचं. कोपऱ्यावरच्या पोहण्याच्या तलावाकडून मुलींचा एक घोळका आला. ओले केस, खांद्यावर पिशव्या, हसणं. लेकीची बोटं आईच्या दंडात रुतली. “आई, बोलू नकोस,” ती ओठ न हलवता म्हणाली. “काही झालं तरी बोलू नकोस. एक शब्दसुद्धा.”

त्या तिघी-चौघी होत्या. पुढे एक गोरी, गोड चेहऱ्याची, दातांना तार लावलेली मुलगी. कुणाच्याही आईला आवडावी अशी. “अय्या, तू इथं?” ती म्हणाली. “आणि या काकू ना? नमस्ते काकू.” आईला तिचं वय दिसलं, लेकीएवढीच, कानाच्या पाळीवर पाण्याचा थेंब राहिलेला. मागच्या मुलीनं फोन छातीशी धरला होता, आणि त्याचा बारीक काळा डोळा आईच्या तोंडाकडे होता. गोड मुलीनं हातातलं वेफर्सचं पाकीट पुढे केलं. “काकू, ही ना काही खातच नाही हो. आम्ही किती आग्रह करतो. तुम्ही विचारा ना हिला, हवं का म्हणून.” मागे कुणाचे तरी खांदे हलले.

आईला त्या मुलीच्या कानशिलात वाजवावीशी वाटली, तिच्या आईचा पत्ता विचारावासा वाटला, नुसतं “बाळ, असं का करता गं?” म्हणावंसं वाटलं. आणि तिला लख्ख दिसलं की यातलं काहीही केलं तरी ते सोमवारपर्यंत कचऱ्याच्या गाडीखाली वाजणार. शाळकरी पोरींना ती कधी घाबरेल असं तिला वाटलं नव्हतं. दंडातली बोटं हाडापर्यंत पोचली होती. पाकीट तिच्यासमोर तसंच धरलेलं होतं. “काकू?” मुलगी म्हणाली. “विचारा ना, काकू.”

तिनं बोट उचललं, कानाला लावलं, आणि नाही अशी मान हलवली.

ते तिच्या हातून झालं. तिनं ठरवलं नव्हतं. पण एकदा झाल्यावर तिनं ते चोख केलं, जन्मभराचं काम होतं ते. खोटे बहिरे दुसरीकडे बघतात आणि पकडले जातात. खरा बहिरा बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतो, जरा पुढे वाकतो, आणि कळलं नाही तरी हसतो, कारण न हसलं तर लोक चिडतात. ती पुढे वाकली. तार लावलेल्या दातांकडे बघून हसली.

“म्हणजे काय?” गोड मुलीनं लेकीला विचारलं. “तुझ्या आईला ऐकू येत नाही?”

लेकीची बोटं दंडावर सैल झाली. “नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता, कितीतरी दिवसांत नव्हता इतका. “आधीपासूनच. तिला बोलतासुद्धा येत नाही.”

“काहीतरीच. मग त्या व्हिडिओत कोण बोलतंय?”

फोन थोडा पुढे आला. आईनं आपलं हसू होतं तिथंच धरून ठेवलं. गालाचा स्नायू थरथरायला लागला होता.

“ती ना? ती एक बाई होती,” लेक म्हणाली. “मला सांभाळायला ठेवलेली. तीच भरवायची आणि तसलं काहीतरी बोलत बसायची. आमची कुणी नाही ती.”

“आता कुठं असते?”

“मला काय माहीत. मेली असेल.”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. गोड मुलीनं पुन्हा एकदा, अगदी निरखून, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फोन अजून वरच होता. आई तशीच किंचित वाकून, हसऱ्या तोंडानं, एकीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांवर नजर फिरवत उभी राहिली. तिला ऐकू येत नव्हतं.